बाबांच्या रक्तदाबाचे त्रिदिवसीय आवर्तन

सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ३१ मिनिटांनी माझ्या वडिलांचा रक्तदाब १७८/१०४ नोंदवला गेला. त्या क्षणी माझे वडील रक्तदाबाच्या यंत्रापासून सुमारे दोनशे पावलांवर, सोनचाफ्याच्या बागेत, हातात टोपली धरून उभे होते. पहिली गोष्ट मला तत्क्षणी कळली. दुसरी कळायला बारा दिवस लागले. या मधल्या काळात मी जे केले त्याला माझ्या मते संशोधन म्हणतात. आईचा शब्द ‘उपद्व्याप’ असा आहे.

माझी ओळख करून देणे येथे आवश्यक आहे. मी जीवसांख्यिकी या विषयात एम.एस्सी. केले असून (सुवर्णपदक अगदी थोडक्यात हुकले, कोणी विचारले नसले तरी सांगून ठेवते) रुग्णांच्या घरून येणाऱ्या आकड्यांचे विश्लेषण करणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. राहते एव्हरशाईन सिटीत, मैत्रिणीबरोबर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. आईबाबा गास गावाला, आमच्या वाडीत. अंतर स्कूटरने पाऊण तास. परंतु ज्या माणसाच्या मोबाईलवर वडिलांच्या हृदयाचा आलेख दिसतो, त्याने पाऊण तास कशासाठी घालवावा? असा माझा तेव्हाचा सिद्धान्त होता.

बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. मोतीबिंदूने जग पिवळसर दिसते, आणि सोनचाफ्याची कळी तोडण्याजोगी झाली की पिवळी होते. या दोन वैज्ञानिक तथ्यांची गाठ पडल्यामुळे बाबांना बागेतली एकूण एक कळी तयार दिसू लागली. एका पहाटे त्यांनी टोपलीभर हिरव्या कळ्या तोडून आणल्या. आईने टोपलीत पाहिले, मग बाबांकडे पाहिले, आणि पस्तीस वर्षे चाफा तोडणाऱ्या माणसाच्या हातात रिकामी टोपली देऊन म्हणाली, “तुम्ही नुसती धरा.”

बाबा त्या दिवसापासून टोपलीधारक झाले. तक्रार केली नाही; फक्त मला फोनवर विचारत, “बाय, डोळ्याचं कवा?” ऑपरेशन २९ फेब्रुवारीला ठरले. नेत्ररुग्णालयाने एकच अट घातली. बाबांना आधीपासून रक्तदाबाची अर्धी गोळी चालू होती, तेव्हा रोज सकाळचा रक्तदाब मोजून तीन आठवड्यांचा तक्ता पाठवा. आकडे स्थिर असतील तरच ऑपरेशन.

तक्ता! माझ्या कानांना हा शब्द सनईसारखा वाटला.

रविवारी ४ फेब्रुवारीला मी गासला एक पिशवी पोहोचवली. पिशवीत रक्तदाबाचे नवे यंत्र आणि माझा जुना मोबाईल. यंत्राचे बटण दाबले की आकडे त्या मोबाईलमधून थेट माझ्यापर्यंत. मध्ये कोणाचा हात नाही, कोणाचे मत नाही, चुकीला जागा नाही! शिवाय चौदा कलमी सूचनापत्र मी स्वतः छापून आणले होते. पाठ टेकलेली असावी. पायावर पाय नसावा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे मौन असावे. मोजमाप सकाळी साडेसहालाच व्हावे आणि कोणत्याही परिस्थितीत एकाही दिवसाचा खंड पडू नये. आकडे मोठ्याने वाचू नयेत, कारण त्याने रुग्णाची चिंता वाढते. पुढील सूचना मी आईच्या फोनवर पाठवीन.

आईने चष्मा लावून पत्र वाचले. “आनि काही विचारायचं असलं तर?”

“विचारायचं नाही, आई. हा प्रोटोकॉल आहे. फक्त पाळायचा.”

“बरं,” आई म्हणाली. माझ्या आईचे ‘बरं’ हे अत्यंत धोकादायक असते. ती ते अक्षरशः अमलात आणते.

पहिल्या दिवशी १३२/८२. मी समाधानाने लिहिले, ‘उत्तम. असेच चालू ठेवा.’ दुसऱ्या दिवशी १७६/१०२! मी ऑफिसच्या बसमध्ये ताडकन उभी राहिले. लगेच संदेश पाठवला: ‘बाबांचे मीठ आज पूर्ण बंद. लोणचे, पापड, सुकट वर्ज्य. त्यांच्याशी वाद घालू नये.’ तिसऱ्या दिवशी ९८/६०. ‘बाबांना दर दोन तासांनी मीठ-साखरेचे पाणी. पायाखाली उशी देऊन झोपवावे.’ (पदवी सांख्यिकीची, आवेश हृदयरोगतज्ज्ञाचा!) चौथ्या दिवशी पुन्हा १३०/८२. ‘उत्तम. असेच चालू ठेवा.’

आईचा फोन आला. “असंच म्हंजे कसं गं? कालच्यासारखं मिठाचं पानी, का परवासारखं अळणी?”

“आई, प्रोटोकॉल.”

“बरं.”

दहा दिवसांत तक्त्याने असे रूप धारण केले की मी जेवण विसरून त्याच्याकडे पाहत बसे. मध्यम, उंच, खोल. मध्यम, उंच, खोल. एका दिवसाचाही अपवाद नाही! मानवी शरीराला चोवीस तासांचे चक्र असते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तीन दिवसांचे? पुस्तके चाळली, शोधनिबंध धुंडाळले. कोठेही उल्लेख नाही. ज्याचा कोठेही उल्लेख नाही, अशा गोष्टीची दोन स्पष्टीकरणे असू शकतात. मी त्यांतले दुसरे विचारातच घेतले नाही.

तरीही कारणमीमांसा हवी, म्हणून आईला फोन केला. “आई, नीट आठवून सांग. घरात दर तीन दिवसांनी काय घडतं?”

“दर तीन दिवसांनी? काय नाय. पान्याची पाळी असते.”

(आमच्या वाडीत सख्ख्या तीन भावांची तीन घरे असून विहीर आणि मोटर सामाईक आहे. एक दिवस आमचा, एक दिवस वसंतकाकांचा, एक दिवस धाकट्या शैलाकाकूंच्या घराचा. हे मला जन्मापासून माहीत होते, म्हणूनच मी ते ऐकले नाही.)

“ते सोड गं. मी आरोग्याबद्दल विचारतेय.”

“मग काय नाय,” आई म्हणाली.

शुक्रवारी १६ तारखेला मी ऑफिसात विभागप्रमुख मॅडमपुढे सादरीकरण केले. बारा दिवसांचे बारा ठिपके, तीन रंगांत. शीर्षक: ‘रक्तदाबाचे त्रिदिवसीय आवर्तन: एक प्राथमिक निरीक्षण’. योगायोगाची शक्यता गणिताने निकालात काढलेली. शेवटच्या पानावर मी परदेशातल्या एका परिषदेचा अर्ज भरण्याची परवानगीही मागून ठेवली होती.

“नमुना किती जणांचा?” मॅडमनी विचारले.

“एक, मॅडम.”

“आणि तो एक म्हणजे?”

“बाबा.”

माझ्या शेजारी बसणारा निखिल आलेखाकडे बघून म्हणाला, “हे तर तीन वेगवेगळी माणसं बसवल्यासारखं दिसतंय, यार!” सगळे हसले. मीही हसले, अज्ञानी माणसाकडे पाहून शास्त्रज्ञ हसतात तसे. “निखिल,” मी म्हटले, “इथे गंभीर काम चाललं आहे.”

त्याच संध्याकाळी आमच्या फॅमिली डॉक्टरांना व्हिडिओवर गाठले. हे साठीचे शांत गृहस्थ. आलेख पाहून त्यांनी नाक खाजवले. “विचित्र आहे. दादांना एकदा दवाखान्यात घेऊन ये. मी हाताने मोजतो.”

“डॉक्टर, बारा दिवसांचा डेटा आहे ना!”

“तो आहे गं. पण माणूस?”

“माणसाला आणायचं तर शनिवार जाईल, मग रविवार. इकडे दर तीन दिवसांनी पावणेदोनशेच्या वर जातोय. ऑपरेशन तोंडावर आहे. काही झालं तर?”

डॉक्टरांनी आणखी दोनदा ‘घेऊन ये’ म्हटले, मी आणखी चार आलेख दाखवले, आणि अखेर त्यांनी नाखुशीने अर्धी गोळी वाढवून दिली. वर बजावले, “आठवड्याच्या आत मला दाखवायचं.” मी होकार दिला आणि अर्ध्या गोळीचा परिणाम दाखवण्यासाठी तक्त्यात नवा रंग निवडला.

परिणाम झाला! मध्यम होता तो आकडा खाली आला: १०८/६६. उंच होता तो मात्र मुळीच हलला नाही: १८०/१०६. खोल होता तो तसाच खोल. याचा अर्थ गोळी नको तिथे काम करत होती आणि हवी तिथे संपावर गेली होती. बुधवारी २१ तारखेला आईचा फोन आला.

“हे बसले.”

“कुठे बसले?”

“चाफ्याखाली. सरळ चिखलात. टोपली धरलेली होती, ती सोडली नाय. म्हनाले, डोळ्यापुढं काळोख आला.”

“दोन्ही डोळ्यांपुढे की मोतीबिंदूच्या?”

“अगं बये, मानूस चिखलात बसलाय आनि तू डोळे मोजतेस?”

पलीकडून बाबांचा आवाज आला, “काय नाय झालं, बाय. मी बराय. ऑपरेशन होईल ना?”

दुसऱ्या दिवशी मी रुग्णालयाला अद्ययावत तक्ता पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आले. रुग्णाच्या रक्तदाबातील चढउतार चिंताजनक आहेत. २९ तारखेचे ऑपरेशन सध्या रद्द समजावे. मी बाबांना कळवले. ते म्हणाले, “ठीक आहे. टोपली धरतो मी. तू जीवाला लावून घेऊ नको.”

सुवर्णपदक हुकल्याचेही मला इतके वाईट वाटले नव्हते.

म्हणून शनिवारी २४ फेब्रुवारीला मी शास्त्रज्ञाला शोभेसा निर्णय घेतला: शिखराचे प्रत्यक्ष निरीक्षण. माझ्या गणितानुसार त्या सकाळी बाबांचा रक्तदाब शिगेला पोहोचायचा होता. पहाटे साडेपाचला स्कूटर काढली, सोबत ऑफिसातून मागून आणलेले दुसरे यंत्र. सव्वासहाला वाडीत शिरले. बाबा अंगणात टोपली शोधत होते.

“बाबा, बसा. बोलू नका. पाय जमिनीवर.”

“अगं, पन आज—”

“मौन!”

बाबा बसले. पाच मिनिटे मी घड्याळ बघत उभी, बाबा माझ्याकडे बघत बसलेले, आई दारात कमरेवर हात ठेवून. सहा वाजून एकतीस मिनिटांनी यंत्राने आकडा दिला: ११०/६८. मी तो अविश्वासाने वाचत होते, एवढ्यात माझ्या खिशातला फोन किणकिणला. पडद्यावर लिहिले होते:

‘बाबा. ६.३१. रक्तदाब १८२/१०६.’

मी बाबांच्या दंडाकडे पाहिले. दंड माझ्या हातात होता. बाबांच्या दुसऱ्या दंडाकडे पाहिले. तोही तिथेच होता. एका माणसाचा रक्तदाब एकाच मिनिटाला दोन ठिकाणी वेगवेगळा असू शकतो का, याचा मी खरोखरच दोन सेकंद गांभीर्याने विचार केला. (हे मी मॅडमना अद्याप सांगितलेले नाही.)

“आई,” मी हळूच विचारले, “आपलं मशीन कुठे आहे?”

“वसंताकडे.”

“वसंतकाकांकडे का?”

“आज त्याची पाळी.”

“कसली पाळी?”

आई माझ्याकडे बघत राहिली; एवढे शिकवून मुलीला हेही कळू नये, अशा नजरेने. “मशीनची! मोटर पाळीनं, फवारनीचा पंप पाळीनं, शिडी पाळीनं. वाडीत आलेली वस्तू कधी एकाच घरात राहिलीय? आपन एकट्यांनी वापरली असती तर वसंता काय म्हनाला असता?”

“अगं, पण ते बाबांसाठी होतं!”

“असं कुठं लिहिलंय?”

मी कपाटावर चिकटवलेले सूचनापत्र वाचले. चौदा कलमे. पाठ कोठे, पाय कोठे, मनगट किती उंच, सर्व काही होते. रक्तदाब कोणाचा, हे नव्हते. सर्वत्र ‘वापरकर्ता’. आणि सहावे कलम ठळक अक्षरांत: एकाही दिवसाचा खंड पडू नये.

“एक दिवस चुकवला नाय आम्ही,” आई अभिमानाने म्हणाली. “शैला तर माहेरी चाललेली, मशीन सोडून कसं जायचं म्हनून राहिली बिचारी.”

“आणि कोणी एकदाही विचारलं नाही?”

“तूच म्हनालीस, विचारायचं नाय.”

तेवढ्यात मागच्या पडवीतून वसंतकाका पिशवी घेऊन आले. वसंतकाका देहाने प्रशस्त, आवाजाने त्याहून प्रशस्त. “अरे, प्राजू आली! बघ हां, पाच मिनिटं तोंड उघडलं नाय मी. बायकोला विचार! लग्नानंतर पहिल्यांदा घरात शांतता.”

मी मटकन पायरीवर बसले आणि सगळ्यांना सगळे सांगितले. उंच आकडा काकांचा. खोल आकडा शैलाकाकूंचा. आणि बाबांचा आकडा मधला, सरळ, निरोगी, अर्ध्या गोळीतच ठीक असलेला. मी माझ्या जन्मदात्याला एक दिवस भावाचे पथ्य, एक दिवस भावजयीचा उपचार आणि रोज भावाच्या वाटची गोळी दिली होती.

बाबांनी शांतपणे विचारले, “म्हंजे सुका जवळा खाल्ला वशानं, आनि अळणी जेवलो मी?”

“आनि पाय वर करून झोपलात ते शैलाच्या वाटचं,” आई म्हणाली.

“तरी म्हटलं,” वसंतकाका मांडीवर थाप मारून म्हणाले, “दादा भर दुपारी पाय वर करून काय झोपतो! मला वाटलं, ऑपरेशनची प्रॅक्टिस करतोय!”

“काका, हसू नका,” मी म्हटले. “गेले तीन आठवडे तुमचा रक्तदाब पावणेदोनशेच्या वर आहे.”

काकांचे हसू जागच्या जागी थांबले. मग त्यांनी माझ्याकडे बोट रोखले. “हे बघ, साठ वर्षं मला काय नव्हतं. तू मशीन आनलंस आनि मला बीपी झालं!”

त्याच सकाळी मी रिक्षा करून दोन्ही भावांना डॉक्टरांकडे नेले. (धाकट्या काकूंना वेगळे कारण नव्हते, पण पाळी मोडू नये म्हणून त्याही आल्या.) डॉक्टरांनी तिघांचा रक्तदाब हाताने मोजला. बाबांची वाढीव अर्धी गोळी काढली, स्वतःच्या हाताने एकदा कपाळावर मारून घेतले, आणि वसंतकाकांना पूर्ण गोळी सुरू केली. “याला मी दहा वर्षं तपासायला बोलावतोय,” ते मला म्हणाले. “कधी आला नाही. तुझ्या मशीनने पकडून आणला. म्हणजे अगदीच वाया गेलं नाही म्हणायचं.” मी मान वर केली. “पण माणूस बघायचा आधी,” ते म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांनी रुग्णालयाला स्वतः फोन केला. तिकडून उत्तर मिळाले: तक्ता नको, २९ तारखेला माणूस आणा, आम्ही मोजू, ठीक असला तर करू, नसला तर परत पाठवू.

२९ तारखेला सकाळी रुग्णालयात नर्सबाईंनी बाबांच्या दंडाला पट्टा बांधला. मी बाबांच्या समोर, नाकासमोर वही धरून, श्वास रोखून उभी. आकडा आला: १५४/९२. बाबांनी माझ्याकडे पाहिले. नापास झालेले मूल पाहते तसे.

नर्सबाईंनीही माझ्याकडे पाहिले. “तुम्ही कोण?”

“मी मुलगी. शिवाय जीवसांख्यिकी—”

“ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा.”

दहा मिनिटांनी दार उघडले. १२८/८०. बाबांना आत घेतले. मी बाहेर बाकावर बसून विभागप्रमुख मॅडमना एक ई-मेल लिहिला, ज्याचा विषय ‘आवर्तन मागे घेण्याबाबत’ असा होता. दोन मिनिटांत उत्तर आले. त्यात फक्त एवढेच होते की निखिलला पार्टी द्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी निघाली. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी बाबांसमोर तीन बोटे धरली. बाबांनी बोटांकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते बाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटले, लेकीचा चेहरा कित्येक महिन्यांनी स्वच्छ दिसतोय. बापाचे मन भरून आले असणार. माझेही डोळे पाणावले. मी जवळ गेले, वाकले.

“बाय,” बाबा म्हणाले, “तुझ्या डोक्यात पांढरे केस?”

“काहीतरीच काय, बाबा! उजेड पडलाय.”

“उजेड कसला? मला आता केसन्‌केस दिसतोय. थांब, हलू नको. एक... दोन... हा कानामागं तिसरा...”

“अहो, हळू बोला, सगळे ऐकतायत!” आई म्हणाली आणि मोजायला मदत म्हणून स्वतःच माझे डोके उजेडाकडे वळवले.

पहिल्या मोजणीत अकरा आले. एकच मोजमाप ग्राह्य धरता येत नाही, असे मी शास्त्रीय शिस्तीला अनुसरून ठामपणे सांगितले आणि फेरमोजणीची मागणी केली. ती तत्काळ मान्य झाली. तेव्हा तक्त्यातली अखेरची नोंद येणेप्रमाणे: शुक्रवार, १ मार्च २०२४, सकाळी ९ वाजून १२ मिनिटे. निरीक्षक, बाबा. उपकरण, उजवा डोळा. वापरकर्ता, मी, वय अठ्ठावीस. पांढरे केस: १४.